दर शनिवारी दोन चमचे

इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उचललं आणि आत मला चिक्कीचा पाक दिसला.

अक्षरशः पाक. तांबूस, चकचकीत, पिस्टनच्या डोक्यावर गोठून बसलेला. चाळीस वर्षं मी यंत्रं खोलतोय. आत गंज पाहिलाय, वाळू पाहिलीय, उंदराचं घरटं पाहिलंय, एकदा तर एका कॉम्प्रेसरमध्ये कोणाचा तरी चष्मा निघाला होता. पण पाक? मी पाना खाली ठेवला, बोट लावलं, वास घेतला. खवट. दिवाळी उलटल्यावर कढईत राहिलेल्या तेलाला येतो तसा. माझ्या तोंडून "अगं आई गं" निघून गेलं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या काकूंनी विचारलं, "काय झालं ओ?"

काय झालं ते सांगायला मला दोन आठवडे लागले. तेच लिहितोय. संपादकांनी खरं तर 'आखातातली माझी नोकरी' असा विषय दिला होता, पण नोकरीत सांगण्यासारखं फार नाही. मी नाशिकचा, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो, आणि कतारला येऊन आता सव्वीस वर्षं झाली. रविवार ते गुरुवार प्लांटच्या वर्कशॉपमध्ये पंप आणि कॉम्प्रेसर खोलायचे आणि परत जोडायचे. शुक्रवारी मात्र मी माझा राजा. अबू हमूरला आमच्या कंपाउंडच्या मागे एक शेड आहे, तिथे मी लोकांच्या जुन्या मोटारसायकलींची जाम झालेली इंजिनं सोडवतो. हौस म्हणून सुरू केलं, आता लोक नाव विचारत येतात. मला त्याचा अभिमान होता, हे आधीच कबूल करतो.

ज्यांचा यात संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. इंजिनात एक पोकळ नळकांडं असतं, तो सिलिंडर. त्यात वर-खाली धावतो तो पिस्टन. दोघांच्या मधे केसाएवढी फट आणि त्या फटीत तेलाचा पातळ थर. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तो थर जातो, दमट हवा शिरते, गंज चढतो, आणि पिस्टन सिलिंडरला असा धरून बसतो की किकवर दोन माणसं उभी राहिली तरी ढिम्म हलत नाही. हे सोडवायला ताकद लागत नाही. ताकद प्रत्येकाकडे असते आणि तीच नडते. लागतो तो धीर. झिरपणारं औषध सोडायचं, शेक द्यायचा, थांबायचं, पुन्हा शेक द्यायचा. दोह्याचा उन्हाळा एवढ्या एका कामाला उपयोगी पडतो.

अबू खालिद म्हणून एक कतारी गृहस्थ होते. मामाच्या शेतावर पडलेली गाडी घेऊन आले. मी पंधरा दिवस मागितले. ते म्हणाले, "पंधरा दिन? यल्ला, हातोडी मारो, खलास!" मी नाही म्हटलं, तर गाडी उचलून दुसरीकडे गेले. आठवड्याने परत आले ते गोणपाटात पिस्टनचे तुकडे घेऊन. मी काही बोलायच्या आधीच आभाराचं "शुक्रान, शुक्रान" सुरू केलं, म्हणजे मला रागावता येऊ नये.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. इंजिनला पाना लावण्याआधी मालकाला विचारायचं: आजवर हिला कोणी काय केलं? लोक खोटं सांगतात. हातोडी मारलेली कोणी कबूल करत नाही. सिलिंडरच्या पात्यांवर घणाच्या खुणा दिसत असतात आणि मालक म्हणतो, काका, कोणी हातसुद्धा लावला नाही. मी मनातल्या मनात हसायचो. इतकी वर्षं हसत होतो.

अभिजित दोह्यातल्या बिन महमूदला राहतो, एका कंपनीत फायनान्स बघतो. मूळचा बार्शीचा. त्याचे वडील जनावरांचे डॉक्टर. गाय अडली, बैल पाय मोडून बसला, की पंचक्रोशीतून निरोप यायचा आणि डॉक्टर मोटारसायकलवर निघायचे. साठच्या दशकातली विलायती गाडी, एकाच सिलिंडरची, तोही बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, वजनाला भक्कम. डॉक्टर गेल्यावर ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. अभिजितला ती इथे आणायची होती. त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात त्याचा चुलतभाऊ किक मारतोय आणि किक थेट खालपर्यंत जातेय. म्हणजे इंजिन तेव्हा मोकळं होतं. हे कृपा करून लक्षात ठेवा.

मी म्हटलं, गाडी निघेपर्यंत प्लगच्या भोकातून थोडं थोडं तेल सोडत राहा, म्हणजे पिस्टन धरणार नाही. तो म्हणाला, "काका, आईला मी काय समजावणार? तुम्हीच बोला ना." मी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप बोलून त्याला पाठवला, त्याने तो आईला पुढे पाठवला. गाडी पंधरा दिवसांत निघणार होती. मग जुन्या गाडीचा हा दाखला, तो शिक्का, असं होता होता पावणेदोन वर्षं गेली. तो निरोप मी साफ विसरून गेलो.

यंदा गाडी एकदाची हमद पोर्टला उतरली. त्याच आठवड्यात काकूही, म्हणजे अभिजितची आई, व्हिजिट व्हिसावर आल्या. पंचाहत्तरीच्या, बारीक चणीच्या, चालायला माझ्यापेक्षा तुरतुरीत. गाडी शेडमध्ये आणली आणि मी किकवर पाय ठेवला. दगड. मी ऐटीत सांगून टाकलं, "समुद्राची हवा, दुसरं काही नाही. गंज धरलाय." आणि पुढच्या शुक्रवारी हेड उचललं, तर आत पाक.

"काय झालं ओ?" काकूंनी पुन्हा विचारलं.

"काकू, इंजिनात कोणी काही ओतलं होतं का?"

"मी वतलं की. तेल. दर शनवारी दोन चमचे."

"कोणतं तेल?"

"करडईचं. आमच्या घाण्यावरचं. चांगलं तेल हाय ते, भेसळ न्हाई."

करडईचं तेल हवेवर सुकतं. सुकलं की त्याचं व्हार्निश होतं, रंगवाले जवसाचं तेल वापरतात तसंच. लाकडाला पॉलिश करणारा हातावर हात देतो, तसे या माउलीने पावणेदोन वर्षं थरावर थर दिले होते. वरून बार्शीचं ऊन. पिस्टन गंजाने धरलाच नव्हता, चिकटवला गेला होता.

अभिजितचा आवाज चढला. "आई! खायचं तेल? इंजिनात? अगं बाबांची गाडी आहे ती! तुला साधं कळू नये? कोणाला विचारायचं तरी!"

अभिजित माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही काय सांगितलं होतं?"

"मी इंजिन ऑइल म्हटलं होतं," मी म्हणालो. न अडखळता म्हणालो. मला खात्रीच होती. चाळीस वर्षांचा फिटर दुसरं काय सांगणार?

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं, असं आता वाटतं. मग म्हणाल्या, "आसंल. माझंच चुकलं आसंल."

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी चहा घेताना मी हा किस्सा रंगवून बायकोला सांगितला. सुनंदा हसली नाही. म्हणाली, "अहो, पण तुम्ही खरंच इंजिन ऑइल म्हणाला होतात का? तुम्ही मेली कुठलीही गोष्ट अर्धीच सांगता."

"थांब, ऐकवतोच," म्हणून मी मोबाइल काढला. अभिजितशी झालेलं बोलणं वर सरकवत सरकवत पावणेदोन वर्षं मागे गेलो. निरोप सापडला. मोठ्या आवाजात लावला.

"नमस्कार काकू! मी देवरे बोलतोय, दोह्याहून. फार डोकं लावायचं नाही बघा. प्लग काढायचा आणि भोकातून दोन चमचे तेल सोडायचं. कुठलं तेल असं विचारू नका, घरात असेल ते. खायचं असलं तरी चालेल! इंजिनला काय, तेल ते तेल. दर आठवड्याला. चुकवू नका बरं!"

आणि शेवटी मी हसलोय. खळखळून.

आवाज माझाच होता, पण असा कसा बोललो असेन मी? पंधरा दिवसांचा प्रश्न होता आणि पंधरा दिवसांना कुठलंही तेल निभावून नेतं, हे खरं आहे. पण 'पंधरा दिवसच' हे शब्द त्या निरोपात नव्हते. पुढे गाडी रखडली तेव्हा नुसता एक फोन करून "काकू, ते आता बंद करा" म्हणायचं, तेही माझ्या डोक्यात आलं नाही. पावणेदोन वर्षं मला एकदाही आठवण झाली नाही, आणि तिकडे एक बाई दर शनिवारी वाटी-चमचा घेऊन शेडमध्ये जात होती.

सुनंदाने कप खाली ठेवला. "आजच फोन करा त्यांना," ती म्हणाली.

मी केला नाही. आधी पिस्टन सुटू दे, मग शांतपणे सांगू, असं स्वतःला बजावलं. हे भित्रेपण होतं. माझी या गावातली पत त्या एका शेडवर उभी आहे आणि ती मला घालवायची नव्हती.

कामाला तर लागलो. पण गंजाला जे औषध चालतं ते व्हार्निशला ढिम्म लागू पडेना. कॉस्टिक सोड्याने व्हार्निश निघतं, पण कॉस्टिक अॅल्युमिनियमचा पिस्टनही खाऊन टाकतं. उरला शेक. सिलिंडरला बाहेरून गरम हवेचा झोत द्यायचा, आतून रंग काढायचं रसायन सोडायचं. हेडच्या स्टडवर, म्हणजे उभ्या बोल्टांवर, मी एक जाड लोखंडी पट्टी आवळली, मधे भोक पाडून बोल्ट घातला, बोल्टखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली पिस्टन. बोल्ट चौथाई आटा फिरवायचा आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा चौथाई आटा. जोर जास्त झाला तर बीड तडकतं, आणि या गाडीचा दुसरा सिलिंडर आता शोधूनही मिळत नाही. रोज कामावरून आलो की कपडेसुद्धा न बदलता शेडमध्ये जायचो.

पुढच्या शुक्रवारी अभिजित एकटाच आला.

"काकू?" मी विचारलं.

"ती येत नाही म्हणते. म्हणाली, मी आले की अजून काही बिघडायचं."

मी पुन्हा बोल्टकडे वळलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही.

त्याच आठवड्यात अभिजितच्या मुलीचा, सईचा, दहावा वाढदिवस होता. बिन महमूदच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पंधरा-वीस माणसं. कोणीतरी गाडीचं विचारलं आणि अभिजितने गोष्ट सुरू केली. राग ओसरला होता, आता तिचा विनोद झाला होता. "आमच्या आईने इंजिनला फोडणी दिली," तो म्हणाला. "मोहरी तेवढी राहिली!" सगळे हसले. सई ओरडली, "आजी कुक्ड द बाइक!" अजून हसले. काकू पुऱ्यांचं ताट घेऊन फिरत होत्या. त्याही हसल्या, आणि माझ्या पानात पुरी वाढताना म्हणाल्या, "घ्या, ही बी करडईच्याच तेलात तळलीय."

आणि मी हसलो. सगळ्यांच्या बरोबर, तोंड उघडून. घरी येताना मला स्वतःचीच किळस आली होती. काकू त्या रविवारच्या विमानाने परत जाणार होत्या. डॉक्टरांची गाडी आपल्या हाताने मेली, हे डोक्यात घेऊन त्या बार्शीच्या रिकाम्या घरात जाणार होत्या, आणि ते ओझं माझं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी बोल्टला चौथाई आटा दिला. काही नाही. अजून थोडा. पट्टी किंचित वाकल्यासारखी वाटली. मी हात काढून घेतला आणि झोत चालू करून स्टुलावर बसून राहिलो. आणि मग आपोआप, मी हात न लावता, आतून 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं सिलिंडर गेला. विजेरी लावून पाहिलं. बीडाला कुठे चीर नाही. ठोकळा मात्र केसभर खाली गेला होता. पिस्टन सुटला होता.

शुक्रवारी सकाळी मी अभिजितला फोन केला. "काकूंना घेऊन ये. नाही म्हणाल्या तर माझं नाव सांग."

त्या येईपर्यंत मी पिस्टन खाली-वर फिरवून मोकळा केला, सिलिंडर पुसून घेतला. आत एक ओरखडा नव्हता. कबूल करायला हवं, त्या तेलाने गंज मात्र चढू दिला नव्हता. काकू येऊन दाराशीच उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली, बसल्या नाहीत.

"सुटलं," मी म्हणालो. "आणि आता एक ऐका. अभिजित, तूही ऐक."

मी मोबाइल काढून निरोप लावला. नमस्कार काकू, मी देवरे बोलतोय. पत्र्याच्या शेडमध्ये माझाच आवाज घुमायला लागला. घरात असेल ते. खायचं असलं तरी चालेल. अभिजित पुढे आला. "काका, हे... मी हे ऐकलंच नव्हतं. न ऐकताच पुढे पाठवलं. मीटिंगमध्ये होतो." तो आईकडे वळला.

"इंजिन ऑइल मी म्हणालोच नव्हतो," मी म्हणालो. "तुमची काही चूक नाही काकू. सगळी माझी. आणि हे मला दोन आठवड्यांपासून माहीत आहे."

निरोप चालूच होता. चुकवू नका बरं, आणि ते हसणं.

"बंद करा ते," काकू म्हणाल्या. "मला पाठ हाय."

"पाठ?"

"दर शनवारी लावून ऐकायचे की. आंगोळ करून, मारुतीला जायच्या आदी. एक बार ऐकायचं, मग तेल सोडायचं. काय इसरू नये म्हणून. एक शनवार चुकवला न्हाई बगा."

मी हिशोब केला नाही. करायची हिंमतच नव्हती.

"म्हणजे त्या दिवशी मी इथे उभं राहून इंजिन ऑइल म्हटलं होतं असं सांगत होतो, तेव्हा तुम्हाला..."

"तवाच कळलं की ओ. ह्यांना याद न्हाई म्हणून."

"मग बोलला का नाहीत? अभिजित एवढं बोलला तुम्हाला. चारचौघांत थट्टा झाली. एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं!"

काकू गाडीजवळ आल्या. उघड्या सिलिंडरमधून त्यांनी आत पाहिलं.

"तुमचा हात आत हुता," त्या म्हणाल्या. "डॉक्टर सांगायचे, गाय आडली आन वासरू वडायला मानसाचा हात आत आसला, की त्याला काय बी बोलायचं न्हाई. त्याची चूक दिसली तरी न्हाई. हात थरथरतो आन वासरू जातं. मी बोलले आसते तर तुमचा हात थरथरला आसता. माझं काय, मी काय गाडी खोलत न्हवते. मला बोलल्यानं काय बिगडत न्हाई."

अभिजित शेडच्या बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. मी तिथेच होतो. कोणीतरी मुस्काटात मारावी आणि ती मऊ हाताने मारावी, तसं झालं होतं. चाळीस वर्षं मी जाम झालेल्या इंजिनांना धीर लागतो म्हणून लोकांना शहाणपण शिकवत होतो.

काकूंनी किकवर हाताचा तळवा ठेवला आणि दाबला. किक थेट खालपर्यंत गेली. त्यांनी ती पुन्हा वर आणली, पुन्हा दाबली. मग पिशवीतून चष्मा काढला, एक छोटी वही काढली, पेन काढलं आणि खुर्चीवर बसल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "तेल कंचं घालायचं? अभिजित इसरंल, मी तिकडनं दर शनवारी फोन करून सांगीन त्याला. तुम्ही नीट सांगा. मी लिवून घेते."

त्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. चाळीस वर्षं ज्या तेलात हात बुडवले, त्याचं नाव मला आठवेना.